आडवी ट्राइक, दोन कुत्री आणि एलरॉय ते स्पार्टा: कोणी गेलंय का?

पाठदुखे_आप्पा

नमस्कार मंडळी. मी विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनपासून पाऊण तासावर राहतो. वय ६१, मूळ गाव कऱ्हाड. तीन वर्षांपूर्वी कमरेचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून साध्या सायकलवर वीस मिनिटं बसलो की डाव्या पायाला मुंग्या येतात. म्हणून मागच्या दिवाळीच्या सुमारास एक जुनी रिकम्बंट ट्राइक घेतली. पुढे दोन चाकं, मागे एक, मध्ये जाळीची खुर्ची आणि पेडल पार नाकासमोर. बूड जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. बायको म्हणते, "तुम्ही सायकल चालवताय असं वाटतच नाही. कुणीतरी आरामखुर्चीसकट घराबाहेर काढलंय असं वाटतं."

म्हणू दे. पाठ दुखत नाही.

घरात दोन कुत्री. बुंदी बीगल आहे, ५ वर्षांची, १३ किलो, नाक कायम जमिनीला. पिंट्या लॅब्रॅडॉरची भेसळ, वय ९, वजन ३१ किलो, थंडीत मागचे पाय जरा कुरकुरतात. मी ट्राइक बाहेर काढली की दोघं दारात उभी. त्यांना टाकून जाताना मला चोरासारखं वाटतं.

मनात आहे ते असं: एलरॉय–स्पार्टा ट्रेल तीन दिवसांत, दोघांना घेऊन. जुन्या रेल्वेमार्गाचा रस्ता, साधारण ५२ किलोमीटर, मध्ये केंडल, विल्टन, नॉरवॉक ही गावं. बायको गाडी घेऊन प्रत्येक गावात भेटेल. ट्राइक नेणार नाही म्हणाली, कुत्र्यांसाठी येते म्हणाली.

विचारायचं असं की कुत्र्याला ट्राइकच्या बाजूने पळवता येतं का, आणि पट्टा बांधायचा कुठे? पिंट्यासाठी ट्रेलर घ्यावा का? आणि ते तीन बोगदे? तिसरा ३,८१० फूट लांब, म्हणजे जवळजवळ पाऊण मैल, आत दिवे नाहीत, उतरून चालत जावं लागतं. माझं पिंट्या फटाक्याला पलंगाखाली जातं.

---

मिरजेची_मावशी

आप्पा, मी रॉचेस्टर, मिनेसोटा. माझी ट्राइक सात वर्षांची झाली. आता एकच कुत्रं आहे, आधी दोन होती. एलरॉय–स्पार्टा दोनदा केलाय, आणि आमच्या घराजवळचा रूट रिव्हर ट्रेल किती वेळा ते मोजलं नाही. त्यामुळे जरा लांब लिहिते, चहा घेऊन बसा.

पिंट्याला पळवू नका. विषय संपला. नऊ वर्षांचं, मागचे पाय कुरकुरणारं कुत्रं तुमच्यासाठी मरेपर्यंत पळेल, आणि दमलोय हे सांगणार नाही. त्याला ट्रेलर. गावाच्या तोंडाशी पाच मिनिटं उतरवून चालवा, म्हणजे तोही 'आलो' म्हणून मिरवेल.

बुंदीला सकाळच्या गारव्यात पंधरा-वीस मिनिटं चालेल. तिची चाल बघत राहायचं. दुडकत असेल तर ठीक. चौखूर उधळायला लागली की समजा तुमचा वेग जास्त झालाय. तिथे वेग कुत्र्याचा असतो, तुमचा नाही. हे पचायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. मी ट्राइक घेतली तेव्हा ताशी किती किलोमीटर ते बघत बसायचे. आता तो मीटर कुठल्या खणात आहे तेही माहीत नाही.

पट्टा गळ्याच्या पट्ट्याला लावायचा नाही, हार्नेसलाच (छाती-पाठीभोवती बांधतात तो). आणि ट्राइकच्या बाजूला तो कधीही हँडलला बांधायचा नाही, हातात तर मुळीच धरायचा नाही. माझं काय झालं ते सांगते. आमचा मोती तेव्हा दोन वर्षांचा. मी शहाणी, पट्टा उजव्या हँडलला अडकवलेला. झुडपातून रानटर्की फडफडत निघाली. मोती तिकडे, हँडल तिकडे, पाठोपाठ ट्राइकही. वळताना पट्टा सैल पडला आणि पुढच्या चाकात गेला. एकेका आऱ्याभोवती तो गुंडाळत गेला आणि मोती फूट-फूट चाकाकडे ओढला गेला. वेग चालण्याइतकाच होता म्हणून ब्रेक लागेपर्यंत निभावलं. त्याची मान आणि चाक यांत माझा पंजा कसाबसा मावत होता. पट्टा ताणलेला, बकल दाबलं जाईना, आणि कापायला काही नाही. शेवटी चाक हाताने उलटं फिरवत एकेक वेढा सोडवला. तो तेवढा वेळ माझं मनगट चाटत होता. तेव्हापासून उजव्या खिशात कात्री असतेच. तुम्हीही ठेवा.

बांधायचा तो खुर्चीच्या मागच्या चौकटीला, खाली, आणि मध्ये एक ताठ दांडी हवी. म्हणजे कुत्रं पुढच्या चाकापर्यंत पोचूच शकत नाही. सायकलला कुत्रं बांधायच्या दांड्या मिळतात, त्या ट्राइकला बसवताना थोडी खटपट करावी लागते.

आता जमीन. एलरॉय–स्पार्टावर बारीक चुनखडीचा चुरा आहे. पंजांना बरा, पण ट्रेलर ओढताना तुमच्या मांड्या बोलतील. आमचा रूट रिव्हर डांबरी. ट्राइक लोण्यासारखी जाते, पण जुलैत दुपारी तेच डांबर म्हणजे तवा. हाताची मागची बाजू टेकवून सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याला खाली उतरवू नका. चुरा कोरडा असला की धूळ उडते आणि सरळ ट्रेलरमध्ये जाते. पुढची जाळी बंदच ठेवा. पहिल्या वेळी स्पार्टाला पोचलो तेव्हा काळा मोती पांढरा झाला होता.

ट्रेलर आणल्या आणल्या जोडू नका. आधी दिवाणखान्यात चाकं काढून ठेवा, आत त्याची गोधडी टाका, आत बसला तरच भाकरीचा तुकडा. मग अंगणात हाताने ओढा. मग जोडा. मोतीला तीन आठवडे लागले. आतला बांधायचा पट्टा इतका आखूड हवा की उडी मारता येऊ नये, आणि इतका लांब की गोल फिरून बसता यावं. जोड असा हवा की ट्रेलर कलंडला तरी ट्राइक उभी राहील. एकदा कडेच्या गवतात एक चाक चढून माझा कलंडलाय, ट्राइकला काही झालं नाही. आणि उतारावर चाळीस-बेचाळीस किलो मागून ढकलतात, वळणाआधीच वेग कमी करा. आपल्याला वाटतं तीन चाकं म्हणजे उलटणार नाही. जोरात वळलं तर ती पण उलटते.

ट्रेलच्या कडेला पिवळ्या छत्रीसारखी फुलं दिसतील, वाइल्ड पार्सनिप. त्याचा चीक अंगाला लागला आणि वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. साध्या सायकलवाल्याच्या पोटरीला लागेल ते, तुमच्या कोपराला लागणार, कारण तुमचा हात बरोबर त्या उंचीवर. बाह्या पूर्ण घाला. रोज संध्याकाळी कुत्र्यांच्या काना-बगलांत गोचिडी बघा आणि स्वतःच्याही गुडघ्यामागे बघा. या भागात लाइम आजार खराखुरा आहे. हिरवी साय धरलेल्या डबक्यात दोघांना तोंड घालू देऊ नका.

नियम: पट्टा ८ फुटांपेक्षा लांब नको, आणि १६ किंवा जास्त वयाच्या सायकलवाल्याला ट्रेलचा पास लागतो.

बोगद्यांचं संध्याकाळी लिहिते, कुकर लागलाय.

---

गल्लीतला

मावशी, रानटर्की वाचून अंगावर काटा आला. पण मला साताऱ्यातून एक बेसिक शंका आहे. इतक्या खाली बसल्यावर रस्त्यावरची भटकी कुत्री थेट तोंडासमोर येत नाहीत का? मी साध्या सायकलवर दोन्ही पाय हँडलवर घेऊन सुटतो. आप्पांचे पाय तर आधीच वर आहेत. 😄

---

मिरजेची_मावशी

येतात ना. इथेही शेतावरची कुत्री सुटी असतात, काउंटी रस्त्याने गेलं की भुंकत येतात. ट्राइकचा फायदा असा की थांबलं तरी पाय टेकावा लागत नाही, पडायची भीती नाही. पळायचं नाही, पूर्ण थांबायचं. निम्म्या कुत्र्यांचा उत्साह तिथेच संपतो. उरलेल्यांना मी 'चल हट' म्हणते. मिनेसोटातल्या कुत्र्यांना मराठी बरोब्बर कळतं. साताऱ्यात मात्र करून बघू नका, तिथे आठ-दहा जणांचं मंडळ असतं.

आता बोगदे. रेल्वे १८७३ ची. हिवाळ्यात आत पाणी गोठून दगड फुटू नये म्हणून तोंडांना मोठाली लाकडी दारं केली होती, आणि राखणदार गाडीपुरती ती उघडायचा. दारं अजून आहेत, आत शिरताना बघा. पहिले दोन बोगदे साधारण पाव मैलाचे. तिसरा खोदायला तीन वर्षं लागली. बाहेर घामाच्या धारा आणि आत स्वेटर लागतो, वरून पाणी ठिबकतं, पायाखाली चिखल. दिवा एक नको, दोन न्या. एक कपाळावर आणि एक कुत्र्याच्या पुढे जमिनीवर पडेल असा. कुत्र्याला अंधाराचं काही नाही, त्याला तुमची धांदल कळते.

तुमच्या कमरेची मला जास्त काळजी आहे. ट्राइक ढकलायला वाकावं लागतं. खुर्चीच्या मागे मानेचा टेका बसवून घ्या आणि तो धरून बाजूने चाला. तेवढी उंची पुरते.

---

ढोपर_वर

नेदरलँड्समधून. इथे आडव्या सायकली रस्त्यावर रोज दिसतात, त्यामुळे कुणी थांबून बघत नाही, याचं थोडं वाईटच वाटतं.

कुत्र्यांचं सगळं मावशींनी सांगितलंय. आप्पा, तुमच्या पायांबद्दल एक. पेडलवर पाय बांधलेला असतो का? नसेल तर आजच सोय करा. पेडलवरून टाच घसरून जमिनीला टेकली की ट्राइक पुढे जाते, पाय मागे राहतो आणि आडव्या दांडीखाली खेचला जातो. घोटा, गुडघा, काहीही मोडू शकतं. क्लिपचे बूट नको असतील तर टाचेला धरणारे पट्टे मिळतात, ते लावा. कुत्र्याने झटका दिला की पाय घसरायचा नेमका तोच क्षण असतो.

आणि उंच झेंडा. ट्रेलरलाही वेगळा. जीपवाल्याला तुम्ही दिसत नाही, झेंडा दिसतो.

(अवांतर: १९३३ साली फ्रान्सिस फॉर नावाच्या दुसऱ्या फळीतल्या शर्यतवाल्याने आडव्या सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटर कापून विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने असल्या सायकली शर्यतीतून बाद केल्या. नाहीतर आज आप्पांची बायको हसली नसती.)

---

रोखठोक

सगळं छान चाललंय पण एक विचारतो. नऊ वर्षांचं, दुखऱ्या पायांचं, आवाजाला घाबरणारं कुत्रं डब्यात बसवून ५२ किलोमीटर धुळीतून आणि अंधाऱ्या बोगद्यातून न्यायचं. हौस तुमची, शिक्षा त्याला. घरी पलंगाखाली सुखात आहे की ते.

---

पाठदुखे_आप्पा

रोखठोक, तुमचं म्हणणं राग येण्यासारखं होतं, म्हणून दोन दिवस थांबून उत्तर देतोय. अर्धं बरोबर आहे. पिंट्या सुखात नसेल तर बायको गाडी घेऊन आहेच, त्याला पुढच्या गावात नेईल. ट्रेलर आणलाय. दिवाणखान्यात ठेवलाय. सध्या त्यात बुंदी बसते आणि पिंट्या शेजारी बसून बघतो.

मावशी, उन्हाळा टाळतो. सप्टेंबरात जाईन. पायाचे पट्टे आणि मानेचा टेका मागवला.

---

पाठदुखे_आप्पा

धागा वर काढतोय. जाऊन आलो.

लेबर डे (इथली सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी) नंतरच्या आठवड्यात, तीन दिवस. एलरॉय ते विल्टन, विल्टन ते नॉरवॉक, नॉरवॉक ते स्पार्टा. दिवसाला एक बोगदा पडतो, हे आपोआप जमलं. मधला दिवस फक्त नऊ-दहा किलोमीटरचा, पण कमरेला तेवढी सुट्टी हवीच होती. मुक्कामाच्या एका ठिकाणी आयत्या वेळी एकच कुत्रं चालेल म्हणाले. ते सोडलं तर राहण्याची अडचण आली नाही.

पहिल्या बोगद्याशी पिंट्या बसला. बसला म्हणजे बसला. दाराशी गार हवा अंगावर आली आणि त्याने मागचं सगळं जमिनीला टेकवून टाकलं. रोखठोक, तुमची आठवण झाली. ओढलं नाही. मी पण खाली, ट्राइकच्या खुर्चीत बसलो. दहा मिनिटांनी तो आपण होऊन ट्रेलरमध्ये चढला. वर पडदा टाकला आणि ढकलत नेला. आत नुसतं धापा टाकण्याचं ऐकू येत होतं, त्यातलं निम्मं माझं.

मला खरी भीती पिंट्याची होती, आणि फजिती केली बुंदीने. तिसऱ्या बोगद्यात पिंट्या स्वतःच्या पायांनी, माझ्या डाव्या पायाला चिकटून, शहाण्यासारखा. बुंदीच्या नाकावर वरून पाण्याचा थेंब पडला आणि ती भुंकली. बोगदा परत भुंकला. तिने कान टवकारले, पुन्हा भुंकली. पलीकडून पुन्हा उत्तर. मग ही बया रुतूनच बसली, की समोरचं कुत्रं आल्याशिवाय मी इथून हलणार नाही! मी 'चल गं' म्हणतो, तर बोगदाही 'चल गं' म्हणतो. मागून एक बाई आणि दोन पोरं सायकली ढकलत आली. पोरांनीही भुंकून घेतलं. बुंदीची आता खात्रीच पटली. शेवटी उचलून ट्रेलरमध्ये टाकली, ती मागे बघत भुंकत आली. म्हणजे ट्रेलर ज्याच्यासाठी घेतला तो चालला आणि ही बसली.

कमरेचं: मानेचा टेका धरून चाललो, तरी संपेपर्यंत पाठीत कळ आली. बाहेर येऊन गवतावर उताणा पडलो. पिंट्या शेजारी पडला.

आता जे विचारलं नव्हतं ते. मी या भागातून २६ वर्षं गाडीने जातोय. पेट्रोल भरायचं, कॉफी घ्यायची, निघायचं. कधी कुणी दोन वाक्यं बोललं नाही, मीही नाही. या वेळी प्रत्येक थांब्याला माणसं आली. आधी कुत्र्यांशी बोलतात. मग ट्राइकशी. 'ब्रेक कुठाय हिचा?' मग शेवटी माझ्याकडे बघतात, आणि तोवर ओळख झालेलीच असते. केंडलच्या जुन्या स्टेशनापाशी एकाने पिंट्याचे पाय चाचपून त्याच्या कुत्रीचं हेच दुखणं सांगितलं, अर्धा तास. विल्टनजवळ अमिश लोकांची (जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) घोडागाडी रस्ता ओलांडायला थांबली होती. पुढच्या बाकावरचा पोरगा माझी गाडी बघत होता आणि मी त्याची. बुंदी घोड्यावर भुंकली, घोड्याने मान वळवून तिला नीट पाहिलं, ती गप्प.

नॉरवॉकला एक सत्तरी ओलांडलेले शेतकरी बाबा आले, मोठे आडवे, डोक्यावर बियाणाच्या कंपनीची टोपी. बसून बघू का म्हणाले. मी हातब्रेक लावला. बसले, म्हणजे शेवटचे सहा इंच पडलेच. पेडलवर पाय ठेवले, हात पोटावर घेतले, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, मक्याला या उंचीवरून कधी बघितलं नव्हतं. मग उठायला गेले तर उठता येईना. मी त्यांना माझी युक्ती सांगितली: पाय दांडीच्या मागे घ्या, दोन्ही हात पुढच्या चाकांवर टेकवा, नाक गुडघ्यापुढे काढा आणि मग उठा. दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा मी काखेत हात घातला. माझी कमर, त्यांचं वजन. कसेबसे उभे राहिलो आणि दोघंही एकमेकांना धरून हसत होतो. माझी बायको गाडीतून हे सगळं बघत होती. नंतर म्हणाली, 'घरी कोथिंबिरीची जुडी उचलायला सांगितली तर पाठ आठवते.'

स्पार्टात उंच चाकाच्या सायकलवर बसलेल्या माणसाचा मोठा पुतळा आहे. तो तिथे वर आणि मी इथे खाली, असा फोटो काढलाय. उद्या टाकतो.

---

रोखठोक

पिंट्या आता कसा आहे?

---

पाठदुखे_आप्पा

दोन दिवस झोपला. काल मी ट्राइकची साखळी पुसायला गॅरेज उघडलं, तर आधी जाऊन ट्रेलरमध्ये बसला. चाकं काढलेली होती.

---

मिरजेची_मावशी

वाचून डोळे भरले आणि बुंदीवर पोट धरून हसले. फोटो टाकाच. कात्री नेली होती ना?

---

पाठदुखे_आप्पा

नेली होती, उजव्या खिशात. चीज कर्डची पिशवी कापायला कामी आली. करकर वाजणारं ताजं चीज, अर्धं कुत्र्यांनी खाल्लं.